सलगमांचा हिवाळा: जर्मनी, १९१६-१७

बॉन विद्यापीठात आरोग्यशास्त्र शिकवणारे प्राध्यापक रुडॉल्फ ओटो नॉयमान यांनी १९१६ सालच्या अखेरीस स्वतःवरच एक प्रयोग करायला घेतला. सरकार शिधापत्रिकेवर माणशी जेवढे अन्न देते तेवढेच खायचे, बाहेरून एक घासही आणायचा नाही आणि शरीराचे काय होते ते मोजत राहायचे, एवढाच तो प्रयोग होता. सुरुवातीला त्यांचे वजन साधारण साडेशहात्तर किलो होते. सात महिन्यांनी ते साडेसत्तावन्नवर आले. सरकारी शिध्यावर राहिल्याने अंगाचा चौथा हिस्सा झडून गेला होता. शास्त्रज्ञांना या नोंदींचे महत्त्व वाटले असेल, पण बॉनमधल्या कुठल्याही गृहिणीला त्यात नवे काही दिसले नसते. शिध्यावर जगता येत नाही हे तिला आधीच ठाऊक होते, आणि म्हणून शिध्याबाहेरचे काही ना काही मिळवण्यात तिचा दिवस जात होता.

हा हिवाळा जर्मन इतिहासात सलगमांचा हिवाळा म्हणून ओळखला जातो. उत्तम रसायनशास्त्र, दाट रेल्वेजाळे आणि काटेकोर नोकरशाही असलेल्या देशावर जनावरांचा कंद शिजवून खायची वेळ कशी आली, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. तेव्हाचे सरकार त्याचे उत्तर ‘इंग्रजांची नाकेबंदी’ असे देत असे. ते उत्तर खोटे नव्हते, पण अर्धेच होते. उरलेले अर्धे उत्तर बर्लिनच्या कचेऱ्यांतून निघालेल्या हुकुमांत सापडते, आणि त्यातला प्रत्येक हुकूम सुटा वाचला तर शहाणपणाचाच वाटतो.

युद्धाआधीचे ताट

१९१४ च्या आधी जर्मनीत दुष्काळ ही आजोबांनी सांगायची गोष्ट झाली होती. साम्राज्याची लोकसंख्या ६ कोटी ७० लाखांच्या घरात होती. राईचा काळसर पाव, बटाटा आणि डुकराचे मांस हे कामगाराच्या घरचे रोजचे जेवण होते, आणि बटाट्याच्या पिकात तर रशिया सोडल्यास जर्मनीशी बरोबरी करणारा देश नव्हता. हा बटाटा माणसे खात, डुकरे खात, आणि पूर्व प्रशियाकडच्या जमीनदारांच्या भट्ट्यांत त्याचे मद्यार्कही गाळले जाई. वरवर पाहणाऱ्याला हा देश आपले पोट आपण भरतो असेच वाटले असते.

प्रत्यक्षात सरळ मार्गाने आणि आडमार्गाने मिळून देशाच्या अन्नाचा चौथा ते तिसरा हिस्सा परदेशावर अवलंबून होता. त्यातला आडमार्ग अधिक महत्त्वाचा होता. डुकरांना घालायचे बार्ली रशियातून येई, गाईंना घालायची पेंड समुद्रापलीकडून येई आणि शेतात टाकायचा सोरा चिलीतून येई. त्यामुळे आयात थांबली म्हणजे ताटातली एक पोळी कमी झाली, असे साधे गणित नव्हते. पेंड थांबली की दूध आटते आणि लोणी नाहीसे होते. सोरा थांबला की पुढच्या वर्षीचे राईचे पीकच हलके येते. गोठ्यातली जनावरे घटली की शेणखतही घटते. हा तुटवडा पहिल्या वर्षी फारसा दिसत नाही. तो जमिनीत आणि गोठ्यात साचत राहतो आणि दोन-तीन वर्षांनी एकदम अंगावर येतो.

त्यात शेतातले पुरुष आणि घोडे सैन्याने नेले. ओपाऊ येथे हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया तयार करणारा कारखाना १९१३ मध्येच सुरू झाला होता, आणि फ्रिट्झ हाबर व कार्ल बॉश यांची ही पद्धत शेतीला तारू शकली असती. पण युद्धात तो नायट्रोजन शेतात जाण्याऐवजी तोफगोळ्यांत गेला. नोव्हेंबर १९१४ मध्ये ब्रिटनने उत्तर समुद्र युद्धक्षेत्र म्हणून जाहीर केला आणि मार्च १९१५ पासून जर्मनीला जाणारा किंवा जर्मनीतून येणारा कुठलाही माल अडवायचे धोरण धरले, तटस्थ देशांच्या जहाजांवरचासुद्धा. युद्ध काही महिन्यांत आटोपेल असे गृहीत धरलेले असल्यामुळे दीर्घ युद्धासाठी धान्याचा साठा करून ठेवलेला नव्हता. सैन्याच्या हालचालींचे वेळापत्रक मिनिटांपर्यंत आखणाऱ्या लोकांनी भाकरीची तजवीज केली नव्हती, हे आज वाचताना विलक्षण वाटते.

भाव बांधला, माल पळाला

४ ऑगस्ट १९१४ रोजी, म्हणजे युद्धाच्या अगदी पहिल्या दिवसांत, सरकारला कमाल भाव ठरवण्याचा कायदेशीर अधिकार मिळाला. सुरुवातीला हे भाव स्थानिक पातळीवर ठरत, त्यामुळे ज्या शहराने भाव कमी ठेवला त्या शहरातून माल उठून शेजारच्या शहरात जाऊ लागला. मग ऑक्टोबरच्या अखेरीस धान्याचे भाव साऱ्या साम्राज्यापुरते बांधण्यात आले. त्यातून जे झाले ते या संपूर्ण प्रकरणाचा नमुना म्हणून बारकाईने पाहण्यासारखे आहे.

राईचा भाव बांधला होता, पण डुकराच्या मांसाचा भाव मोकळा होता. रशियातून येणारे चाऱ्याचे बार्ली बंद झाल्याने चारा महागला होता. अशा वेळी शेतकऱ्याने बांधल्या भावात राई विकायची, महाग चारा विकत घ्यायचा आणि डुक्कर पोसायचे, की घरची राईच डुकराला घालायची? त्याने दुसरा मार्ग धरला. कुणीही धरला असता. वर्तमानपत्रांनी त्याला देशद्रोही ठरवले आणि सरकारने पावाचे धान्य जनावरांना घालण्यावर बंदी आणली, पण गोठ्यात रात्री काय घातले जाते हे बघायला कोण जाणार होते?

मग जानेवारी १९१५ मध्ये धान्य ताब्यात घेण्याचा हुकूम निघाला आणि बर्लिनमध्ये पावाची कार्डे सुरू झाली. आठवड्याला माणशी साधारण दोन किलो पाव. पिठात बटाटा मिसळणे आधीच सक्तीचे झाले होते. या पावाला ‘के-पाव’ म्हणत. ‘के’ म्हणजे युद्ध की बटाटा, हे मुद्दाम मोघम ठेवल्यासारखे होते, कारण जर्मन भाषेत दोन्ही शब्द त्याच अक्षराने सुरू होतात. गव्हाला आणि राईला पर्याय म्हणून बटाटा आला, त्याची ही पहिली पायरी. पण आता भार बटाट्यावर आला, आणि बटाट्याचा दुसरा मोठा गिऱ्हाईक होता डुक्कर.

इथे प्राध्यापक मंडळी पुढे आली. पाउल एल्ट्सबाखर यांच्या पुढाकाराने एकत्र आलेल्या शास्त्रज्ञांच्या गटाने १९१४ च्या शेवटी हिशेब मांडला की डुक्कर हा माणसाच्या ताटातला वाटेकरी आहे. त्याला घातलेल्या बटाट्यातली आणि धान्यातली बहुतेक ऊर्जा वाया जाते आणि तिचा थोडाच भाग मांस म्हणून परत मिळतो. हिशेब म्हणून यात चूक काढता येत नाही. बटाट्याच्या साठ्याची मोजणी मात्र चुकलेली होती, कारण जप्तीच्या भीतीने शेतकऱ्यांनी आपला साठा कमी करून सांगितला होता. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि १९१५ च्या वसंतात देशभर डुकरांची कत्तल झाली. अडीच कोटींच्या आसपास असलेली डुकरांची संख्या काही महिन्यांत सुमारे ९० लाखांनी घटली. हिवाळ्यात थोडी घट दरवर्षीच होते, हे लक्षात घेतले तरी ही संख्या प्रचंड आहे. जर्मन भाषेत हा प्रसंग आजही ‘डुकरांचा खून’ या नावानेच ओळखला जातो.

काही आठवडे मांसाचा पूर आला. शहरांनी ते घाईघाईने डब्यांत भरून ठेवले आणि त्यातले बरेच नासले. वसंत सरताना लपवून ठेवलेले बटाटे बाहेर आले, ते खायला ना पुरेशी डुकरे होती ना त्यांना गिऱ्हाईक. मांसाचा पूर ओसरल्यावर डुकराचे मांस आणि चरबी दोन्ही महागली. शरदात त्यांचेही भाव बांधले गेले, तेव्हा उरलीसुरली डुकरे बाजारातून दिसेनाशी झाली. चरबी गेली म्हणून गिऱ्हाईक लोण्याकडे वळले. ऑक्टोबर १९१५ मध्ये बर्लिनच्या लिश्टेनबेर्ग भागात लोण्याच्या दुकानांपुढे बायकांनी दंगल केली, काचा फुटल्या, पोलीस आले. मग लोण्याचेही भाव बांधण्यात आले.

धान्य, मग बटाटा, मग डुक्कर, मग लोणी: एका पदार्थाचा भाव बांधला की तुटवडा सरकून शेजारच्या पदार्थावर जाई, आणि सरकार त्याच्या मागे धावे. सगळे एकदम बांधायचे तर सगळे एकदम ताब्यात घ्यावे लागले असते आणि त्यासाठी एकाच हातात अधिकार असावा लागला असता. तो कुणाच्याच हाती नव्हता. साम्राज्यात पंचवीस राज्ये होती, बायर्नसारखी राज्ये आपला माल सीमेबाहेर जाऊ देत नव्हती, आणि वेढ्याच्या जुन्या प्रशियन कायद्याखाली प्रत्येक लष्करी विभागाचा सेनापती स्वतःचे हुकूम काढत होता. मे १९१६ मध्ये युद्ध-अन्न कचेरी स्थापन झाली आणि पूर्व प्रशियातले मुरब्बी प्रशासक आडोल्फ फोन बाटोकी तिचे प्रमुख झाले. वर्तमानपत्रांनी त्यांना अन्नाचा हुकूमशहा म्हटले, पण सैन्याच्या कोठारांवर या हुकूमशहाचा अंमल नव्हता आणि राज्यांना तो विनंतीच करू शकत होता.

कोलोनच्या नगरपालिकेतला एक प्रसंग इथे सांगण्यासारखा आहे. तिथे अन्नपुरवठ्याची जबाबदारी असलेल्या कोनराड आडेनाउअर नावाच्या अधिकाऱ्याने मका, बार्ली आणि तांदळाचे पीठ वापरून एक पाव तयार करवून घेतला आणि १९१५ मध्ये त्यावर हक्क मिळवला. कोंड्याचा मांडा करण्याची ही सरकारी तऱ्हा बरी चालली होती. पण मका रुमानियातून येत असे आणि ऑगस्ट १९१६ मध्ये रुमानियाच शत्रूपक्षाला जाऊन मिळाला. पुढे याच गृहस्थांनी सोयाबीनच्या पिठाचा सॉसेज शोधून काढला आणि त्याला ‘शांतता सॉसेज’ असे नाव दिले. जाडेभरडे जव खायला लावणारा माणूस म्हणून कोलोनकरांनी त्यांच्या आडनावाची मोडतोड करून त्यांना टोपणनावही दिले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीचे पहिले चान्सलर झालेले आडेनाउअर ते हेच.

१९१६ चे पीक

१९१६ चा उन्हाळा थंड आणि ओला गेला, शरदही पावसाळीच होता. बटाट्यावर करपा पडला. आयर्लंडच्या दुष्काळाला कारण झालेला हाच तो रोग. मोरचुदाच्या फवारणीने तो आटोक्यात ठेवता येतो, पण मोरचुदाला तांबे लागते आणि तांबे दारूगोळ्याला हवे होते. काढणीला माणसे कमी होती, ओल्या जमिनीतून निघालेला बटाटा साठवणीत सडत होता. पीक किती आले? चांगल्या वर्षी साडेपाच कोटी टनांच्या आसपास येणारा बटाटा त्या वर्षी अडीच कोटी टनांवर आला, म्हणजे निम्म्याहून कमी. त्यातूनही पुढच्या पेरणीचे बेणे बाजूला काढायचे होते, शिवाय सैन्याचा वाटा आणि डुकरांच्या तोंडी गेलेला भाग वजा करायचा होता. शहराच्या वाट्याला त्यातून काय राहणार!

पावसाने केलेले नुकसान कोणत्याही सरकारला टाळता आले नसते. मात्र दोन वर्षांत धान्य, चरबी आणि मांस यांची जागा भरून काढता काढता सगळा भार बटाट्यावर आणून ठेवलेला होता आणि नेमके तेच पीक बुडाले. पावाला पर्याय बटाटा होता. आता बटाट्यालाच पर्याय शोधायचा होता.

तो कंद

जो पर्याय मिळाला त्याला जर्मनीत श्टेकरुबं म्हणतात, पूर्वेकडे व्रुकं. आपल्याकडच्या सलगमाच्या जातीचा, पण आकाराने बराच मोठा, जाड पिवळट-जांभळ्या सालीचा आणि आतून पिवळा असा हा कंद आहे. तो थंडीला आणि ओलीला दाद देत नाही, म्हणून १९१६ च्या पावसात बटाटा बुडाला तरी हा टिकला. तोवर तो मुख्यतः गुरांचे आणि डुकरांचे खाद्य होता. गरिबांच्या रश्श्यात तो कधीमधी पडत असे, पण कुणी आवडीने खात नसे.

त्यात दहा भागांतले जवळजवळ नऊ भाग पाणी असते. एका किलो बटाट्यातून जेवढी ऊर्जा मिळते तेवढीसाठी दोन किलोंहून अधिक सलगम खावे लागते, आणि मुलांच्या पोटात एवढे मावत नाही. शिजताना त्याचा जो गोडसर, कुबट वास सुटतो तो जिन्यांतून, पडद्यांतून आणि कपड्यांतून जात नाही. डिसेंबर-जानेवारीत शहरांनी सलगमाचीही कार्डे काढली. गुरांच्या खाद्याची शिधापत्रिका असणे ही गोष्टच त्या हिवाळ्याचे वर्णन करायला पुरेशी आहे.

सकाळी सलगमाची कॉफी, म्हणजे वाळवून, भाजून, कुटलेला कंद उकळायचा. दुपारी सलगमाचे सूप, त्यात चरबी नाही म्हणून ते पाण्यावर तरंगणाऱ्या तुकड्यांसारखे दिसे. रात्री किसलेल्या सलगमाच्या टिकिया, त्यांना तळायला तेल नाही म्हणून तव्यावर चिकटणाऱ्या. पावाला लावायचा मुरांबा सलगमाचा आणि पावातही सलगमाचे पीठ. किसून आंबवून त्याची आंबट भाजीही करत. नगरपालिकांनी पाककृतींची पुस्तिका काढून हा कंद किती गुणी आहे ते समजावून सांगितले, आणि लोकांनी त्याला ‘प्रशियाचा अननस’ म्हणायला सुरुवात केली. टोमणा बर्लिनी लोकांच्या स्वभावाला धरूनच होता.

जानेवारीच्या मध्यानंतर थंडी पडली, तीसुद्धा अनेक वर्षांत पडली नव्हती अशी. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. नद्या आणि कालवे गोठले, कोळशाची आणि बटाट्याची नौकावाहतूक बंद पडली, सगळा भार रेल्वेवर आला आणि रेल्वेला डबे पुरेनात, कारण त्याच वेळी हिंडेनबुर्ग कार्यक्रमाखाली दारूगोळ्याचे उत्पादन वाढवण्याचा आटापिटा चालला होता. जो काही बटाटा वाटेत होता तो गाड्यांतच गोठला. गोठलेला बटाटा वितळला की त्याचा काळा, गोड लगदा होतो. कोळसा नाही म्हणून शाळांना सुट्या दिल्या गेल्या. ज्या घरांत चूल पेटवायला कोळसा नव्हता तिथे तो कडक कंद शिजवायचा तरी कसा, हाही प्रश्नच होता.

फेब्रुवारी ते जुलै १९१७ या काळात शहरांत शिध्यावर मिळणारे अन्न दिवसाला हजार ते बाराशे कॅलरींच्या आसपास घुटमळत होते. शांत बसलेल्या माणसालाही ते पुरत नाही. ही माणसे तर दहा-बारा तास कारखान्यात उभी होती.

रांग आणि पिशवी

बर्लिनच्या बायका रांगेला ‘पोलोनेज’ म्हणत. जोडीजोडीने सरकत जाणाऱ्या जुन्या दरबारी नाचाचे ते नाव. लोण्याचे पोलोनेज, बटाट्याचे पोलोनेज. बाई रात्री दोनला उठून उभी राहायची, सोबत तिपाई आणि विणकाम न्यायचे, पहाटे मुलीला आपल्या जागी उभे करून कामावर जायचे, आणि आठ वाजता दुकान उघडल्यावर ऐकायचे की माल संपला. बर्लिनच्या पोलीस खात्याने लोकांच्या मनःस्थितीचे जे गुप्त अहवाल ठेवले, त्यांत या रांगा पानोपानी आहेत. पोलिसांना कळून चुकले होते की बायका तिथे नुसत्या उभ्या नसतात, त्या बोलतात. कुणाच्या मागच्या दाराने काय आले, कुठल्या हॉटेलात काय मिळते, अमक्या अधिकाऱ्याच्या घरी हॅम टांगलेला मोलकरणीने पाहिला, हे सगळे रांगेतूनच पसरत असे.

दुसरा मार्ग होता ‘हाम्स्टर्न’. गालात दाणे भरून नेणाऱ्या उंदरासारख्या प्राण्यावरून आलेला हा शब्द. रविवारी रिकामी पिशवी घेऊन गाडीने खेड्यात जायचे, शेतकऱ्याच्या दारात उभे राहायचे, आणि पैशाला भाव उरला नसल्याने चादरी, घड्याळ, पडदे देऊन बटाटे, अंडी, चरबीचा तुकडा घ्यायचा. परतताना स्थानकावर पोलीस पिशव्या तपासत आणि सापडलेले जप्त करत. जप्त झालेल्या मालाचे पुढे काय होते याबद्दल लोकांची पक्की मते होती. शहरातल्या माणसाच्या मनात शेतकऱ्याविषयी जो राग साठला तो इथे, या दारांत. शेतकऱ्याची बाजू अशी की मुलगा आघाडीवर, घोडा सैन्याने नेलेला, खत मिळत नाही, भाव बांधलेला, आणि वर पोत्यांची झडती घ्यायला शिपाई. त्याने सगळे सरकारच्या हवाली करावे अशी अपेक्षा फक्त शहरातला माणूसच ठेवू शकतो. दोघांच्याही तक्रारीत तथ्य होते.

देशातल्या अन्नाचा साधारण तिसरा हिस्सा काळ्याबाजाराने फिरत होता असा अंदाज आहे. त्यात केवळ नफेखोर नव्हते. अवजड काम करणाऱ्या मजुरांना जादा शिधा मिळत असे, पण तोही अपुरा पडतो म्हणून दारूगोळ्याचे कारखाने आपल्या मजुरांसाठी काळ्याबाजारातच खरेदी करत होते, आणि लष्कर त्याकडे काणाडोळा करत होते. ज्यांचा पगार ठरलेला, ज्यांच्याकडे ना कारखान्याचा जादा शिधा ना गावाकडचा नातेवाईक, ते कारकून, शिक्षक, पेन्शनर आणि सैनिकांच्या बायका सगळ्यात आधी खचल्या. सार्वजनिक स्वयंपाकघरे निघाली होती, पण भांडे घेऊन तिथल्या रांगेत उभे राहणे पुष्कळ गृहिणींना भीक मागण्यासारखे वाटे. शिवाय तिथे जेवायचे तर कार्डाची कात्रणे द्यावी लागत, आणि स्वतःच्या चुलीवर त्या कात्रणांचे अधिक काही करता येईल असे प्रत्येक बाईला वाटे.

या साऱ्याच्या भोवती नकली पदार्थांचा बाजार उभा राहिला. युद्धाच्या शेवटापर्यंत असल्या पदार्थांच्या मंजूर यादीत ११ हजारांहून अधिक नावे होती, त्यांत मांस नसलेल्या सॉसेजचे आठशेहून अधिक आणि कॉफीचे पाचशेहून अधिक प्रकार होते.

भुकेचे राजकारण

डिसेंबर १९१६ च्या अखेरीस नौदलप्रमुख होल्ट्सेनडॉर्फ यांनी एक टिपण सादर केले. महिन्याला ६ लाख टन जहाजे बुडवली तर ब्रिटन पाच महिन्यांत उपासमारीने शरण येईल, असा त्यात हिशेब होता. डुकरांच्या हिशेबासारखाच हाही कागदावर नीटनेटका होता. १ फेब्रुवारी १९१७ पासून पाणबुड्यांनी बेछूट हल्ले सुरू केले, ६ एप्रिलला अमेरिका युद्धात उतरली, आणि ब्रिटन काही उपाशी राहिला नाही. आपल्या देशातली भूक न आवरल्याने शत्रूच्या देशात भूक घालायचा हा डाव होता, आणि तो उलटला.

त्याच एप्रिलमध्ये पावाचा शिधा कमी करण्यात आला. १६ एप्रिलला बर्लिन आणि लाइप्झिगमध्ये कामगारांनी कारखाने सोडले; एकट्या बर्लिनमध्ये दोन लाखांहून अधिक. मागणी पावाची होती, पण लाइप्झिगच्या कामगारांनी पावासोबत कोणताही प्रदेश न बळकावता शांतता आणि मताधिकारातल्या सुधारणाही मागितल्या. रशियात महिन्याभरापूर्वीच झार पदच्युत झाला होता आणि तिथलीही सुरुवात पावाच्या रांगांतूनच झाली होती, हे बर्लिनच्या अधिकाऱ्यांच्या नजरेतून सुटले नसावे. आघाडीवरच्या सैनिकांना घरून येणाऱ्या पत्रांतून मुलांच्या भुकेची वर्णने जाऊ लागली, तेव्हा सरकारने ‘रडगाण्याची पत्रे’ लिहू नका असा प्रचार केला. रुमानिया जिंकून आणि फेब्रुवारी १९१८ मध्ये युक्रेनशी तह करून धान्य आणण्याचे प्रयत्न झाले. या तहाला लोकांनी ‘पावाची शांतता’ असे नाव दिले, पण ठरलेल्या धान्याचा थोडाच भाग प्रत्यक्षात हाती लागला. नाकेबंदी तर नोव्हेंबर १९१८ च्या शस्त्रसंधीनंतरही चालू राहिली आणि जुलै १९१९ मध्येच उठली. शस्त्रे खाली ठेवलेल्या देशाची नाकेबंदी आठ महिने चालू ठेवणे हा मित्रराष्ट्रांच्या हिशेबातला काळा डाग आहे, आणि जर्मन चुका मोजताना तो झाकायचे कारण नाही.

मोजदाद

किती माणसे मेली? डिसेंबर १९१८ मध्ये जर्मन सरकारी आरोग्य खात्याने नाकेबंदीमुळे मेलेल्या नागरिकांचा आकडा ७ लाख ६३ हजार असा दिला. पराभूत देशाने तहाच्या वाटाघाटींच्या तोंडावर मांडलेला हा आकडा होता. पुढे दहा वर्षांनी झालेल्या एका अभ्यासाने तो ४ लाख २४ हजारांवर आणला, आणि इतिहासकारांचा वाद अजून मिटलेला नाही. मृत्यूच्या दाखल्यावर ‘भूक’ असे लिहिले जात नाही, तिथे क्षय, न्यूमोनिया, आमांश लिहिलेले असते. १९१७ च्या आरंभापासून डॉक्टरांना पाय, मग पोट, मग चेहरा सुजलेले रुग्ण मोठ्या संख्येने दिसू लागले. या सुजेला भुकेची सूज असे नाव पडले. क्षयाने मरणाऱ्यांची संख्या वाढली, विशेषतः स्त्रियांची.

एका ठिकाणी मात्र संशयाला फारशी जागा नाही. शहरातली बाई रात्री दोनला रांगेत उभी राहू शकत होती, रविवारी पिशवी घेऊन खेड्यात जाऊ शकत होती, सासरचे घड्याळ देऊन चरबी आणू शकत होती. मजूर संप करू शकत होता. प्राध्यापक नॉयमान वाटेल त्या दिवशी आपला प्रयोग थांबवू शकत होते. मनोरुग्णालयांच्या भिंतींआड असलेल्यांना यातले काहीच शक्य नव्हते. त्यांना सरकारने ठरवलेला शिधाच मिळत असे, आणि पुष्कळदा तोही कापून, कारण तुटवड्याच्या काळात कुणाचे पोट आधी भरायचे या क्रमात त्यांचा नंबर सगळ्यात शेवटी लावला गेला होता. युद्धाच्या चार वर्षांत जर्मन मनोरुग्णालयांत नेहमीच्या प्रमाणापेक्षा सुमारे ७० हजार अधिक रुग्ण मेले, आणि त्यातले सर्वाधिक मृत्यू १९१७ सालचे आहेत.